दादा, त्या रात्री तुम्ही काट्यावर आलात म्हणून

दादा, नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते चालणार नाही हे मला पक्कं माहितीय. पण आभार मात्र चारचौघांत मानायचेत, कारण फोनवर मानायला गेलो की तुम्ही "असू दे रे, जेवलास का" म्हणून विषय बदलता आणि गेली दहा-बारा वर्षं हे असंच चाललंय.

2013 चा जानेवारी. गळीत हंगाम ऐन भरात, मी नोकरीला लागून जेमतेम सहा महिने झालेले आणि साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर रात्रपाळीला एकटा. साडेअकराच्या सुमारास वजनपावती निघायची बंद झाली. स्क्रीन नुसती अडकलेली, नवीन लॉगिन करायला जावं तर ओआरए-00257 ही ओरॅकल डेटाबेसची एरर. बाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग पार गेटच्या बाहेर, थंडीत बैल उभे, माणसं काच वाजवून विचारायला लागलेली. आर्काइव्ह लॉगची जागा भरलीय एवढं मला कळलं होतं, म्हणून त्या फोल्डरमधल्या जुन्या फाईली सरळ उडवायच्या असं ठरवून कमांड टाईपसुद्धा केली होती. तेवढ्यात एका मित्रानं तुमचा नंबर दिला. तुम्ही घरच्या लग्नासाठी पुण्याहून कोल्हापूरला आलेले, माझी तुमची ओळख शून्य, आणि तुमचं पहिलं वाक्य होतं, "आधी कीबोर्डवरनं हात काढ बघू."

मी हात काढला दादा. आज मागं वळून बघतो तेव्हा वाटतं माझं सगळं करियर त्या एका क्षणात वाचलं.

तासाभरात तुम्ही मोटरसायकलवरनं आलात, मफलर गुंडाळलेला, आणि खुर्चीवर बसायच्या आधी मला विचारलं की डेटाबेस बंद पडलाय की थांबलाय? मला फरकच माहीत नव्हता. मग तुम्ही सांगितलं की कमिट झालेला प्रत्येक बदल आधी रिडो लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, लिहिला जातो, लॉग भरला की त्याची कॉपी आर्काइव्हमध्ये जाते, आणि कॉपी ठेवायला जागाच नसेल तर डेटाबेस जुना लॉग पुसत नाही, तो थांबतो, कारण तो लॉग पुसला तर उद्या डिस्क गेल्यावर आजच्या काटापावत्या परत आणायला काहीच उरणार नाही. "तो बिघडलेला न्हाई, तो राखणीला बसलाय," असं म्हणालात. डिस्कवर जागा होती, रिकव्हरी एरियाची, म्हणजे हे लॉग ठेवायला नेमून दिलेल्या जागेची, मर्यादा तेवढी लहान ठेवलेली. एका ओळीत ती वाढवलीत आणि काटा सुरू झाला. मग निवांत आरमॅननं, ओरॅकलच्याच बॅकअप टूलनं, आर्काइव्ह दुसऱ्या डिस्कवर बॅकअपला घेतले आणि जुने त्यालाच काढायला लावले. मी हातानं उडवले असते तर काय झालं असतं तेही तुम्हीच दाखवलं, की डेटाबेसचा हिशोब कंट्रोल फाईल नावाच्या त्याच्या स्वतःच्या फाईलमध्ये असतो, फाईल उडवली तरी त्याच्या लेखी जागा भरलेलीच राहते, आणि वर लॉगची साखळी तुटते ती वेगळीच, त्या तुटलेल्या कडीच्या पुढं रिकव्हरी जात नाही.

पहाटे चार वाजता चहाच्या गाड्यावर तुम्ही एक पावती हातात घेऊन म्हणालात, ही टेबलातली एक रो, एक ओळ आहे ना, हे कुणाचं तरी वर्षभराचं रान आहे. तेव्हापासून मला टेबलात रो दिसतच नाहीत, माणसं दिसतात.

पुढच्या हंगामातली पंधरवड्याची बिलं आठवतात का? रिपोर्टला चाळीस मिनिटं लागायची आणि सगळे म्हणत होते रॅम वाढवा, नवा सर्व्हर घ्या, कोटेशनसुद्धा आलेलं. तुम्ही फोनवरनं फक्त एक्झिक्युशन प्लॅन, म्हणजे डेटाबेस उत्तर कुठल्या वाटेनं शोधणार तो आराखडा, वाचून दाखवायला सांगितलं. ती वाट ठरवणाऱ्या ऑप्टिमायझरला वाटत होतं की वजनाच्या टेबलात मूठभर रो आहेत, म्हणून तो नेस्टेड लूप लावून एकेक रो शोधत बसलेला, आणि टेबलात तर लाखांनी रो. झालं असं होतं की हंगाम सुरू व्हायच्या आधी टेबल रिकामं असताना कुणीतरी स्टॅट्स, म्हणजे टेबलात किती काय आहे त्याचे आकडे, घेऊन लॉक करून ठेवलेले, त्यामुळं रात्रीचा ऑटोमॅटिक जॉब त्या टेबलाला हातच लावत नव्हता. लॉक काढला, स्टॅट्स घेतले, रिपोर्ट दोन मिनिटांत. नवा सर्व्हर आला असता तरी तो पण तसाच चुकीच्या वाटेनं पळाला असता, फक्त जरा जोरात. अंदाजानं औषध द्यायचं नाही, डेटाबेस स्वतः काय सांगतोय ते आधी वाचायचं, ही सवय तुमच्यामुळं लागली आणि आजपर्यंत तिनं मला दगा दिलेला नाही.

2019 च्या महापुराबद्दल तर मी कधी नीट बोललोच नाही. तेव्हा मी पतसंस्थांचं काम बघत होतो, ऑफिस शाहूपुरीत. तुम्ही दोन वर्षं मागं लागला होता की डेटाबेसची दुसरी कॉपी त्याच इमारतीत ठेवून उपयोग नाही, ती पुण्यात टाक. आमचं लायसन्स स्टँडर्ड एडिशनचं, दुसरी कॉपी आपोआप चालती ठेवणारं डेटा गार्ड त्यात मिळत नाही, म्हणून तुम्ही माझ्याकडून स्क्रिप्ट लिहून घेतली, दर पंधरा मिनिटांनी क्रॉनमधनं, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामातनं, लॉग स्विच (चालू लॉग बंद करून नवा सुरू), आर्काइव्ह पुण्याला कॉपी, तिथल्या कॉपीवर ते चढवून रिकव्हर. साधं काम, पण आमच्या हातचं. ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 55 च्या वर गेली. आमचा सर्व्हर पहिल्या मजल्यावर कोरडा ठणठणीत होता, पण वीज नाही, जनरेटर पाण्याखाली, आणि तिथवर जायला बोटच लागणार. शिरोलीजवळ हायवे बंद, कोल्हापूर तुटलेलं. मी पाचगावला नातेवाइकांकडं, फोनची बॅटरी जपत, आणि तुम्ही पुण्यात त्या मशीनसमोर. स्टँडबाय, म्हणजे ती पुण्यातली कॉपी, ॲक्टिव्हेट करायच्या आधी तुम्ही तीनदा विचारलंत की मूळ सर्व्हर नक्की बंद आहे ना, दोन्हीकडं एकदम एंट्री पडायला नकोत. मग पुराबाहेरच्या शाखा चालू झाल्या. शेवटच्या काही मिनिटांच्या एंट्री गेल्या, त्या स्लिपांवरनं परत घातल्या. पुरात घर गेलेल्या माणसाला त्याच आठवड्यात स्वतःचे पैसे हातात मिळाले. मिळाले त्यांना तुम्ही कोण ते माहीत नाही, आणि हेच मला आज लिहायला लावतंय.

आता सगळं क्लाउडवर आहे. अमेझॉनचं मुंबई रीजन, म्हणजे तिथली डेटा सेंटरं, 2016 मध्ये सुरू झालं, आम्ही 2022 ला गेलो. त्यावेळी मीटिंगमध्ये विचारलं गेलं की आता डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा माणूस, कशाला पाहिजे, बॅकअप तर तेच घेतात. मी क्लाउडच्या विरोधात नाही दादा, उलट कारखान्याच्या कामाला तो फारच बसतो, गाळप चार-पाच महिने आणि बाकीचं वर्ष मशीन निवांत, तर हंगामात मोठं इन्स्टन्स (क्लाउडवरचं भाड्याचं मशीन) आणि हंगाम संपला की लहान, हे खोलीतल्या सर्व्हरला कधी जमलंच नसतं. डिस्क बदलायची रात्र गेली, पॅचिंग सोपं झालं. पण मल्टी-एझेड, म्हणजे दुसऱ्या झोनमधल्या डेटा सेंटरात ठेवलेली चालती कॉपी, हा बॅकअप नव्हे हे लोकांना समजावताना घसा कोरडा पडतो. एकदा ऑपरेटरकडून चुकीचा अपडेट कमिट झाला, तर दुसऱ्या झोनमधल्या कॉपीतही तो त्याच क्षणी तितकाच इमानदारीनं गेला. पॉइंट-इन-टाइम रिस्टोअर केला, म्हणजे चुकीच्या आधीच्या क्षणाचा डेटा परत उभा केला; तो जुन्यावर होत नाही, नवीन इन्स्टन्स उभं राहतं आणि त्यातनं डेटा काढून आणावा लागतो, हे आधी करून बघितलेलं म्हणून तासाभरात निभावलं. ऑटोमॅटिक बॅकअप जास्तीत जास्त 35 दिवस मागं जातात, ऑडिटला मागची वर्षं लागतात, म्हणजे त्याची सोय वेगळी करायला लागते. ही सोय कोण करणार? कुणीतरी करायची असते, आपोआप होत नाही.

तुम्ही त्या गाड्यावर सांगितलं होतं की संगणकशास्त्रज्ञ कॉड यांनी 1970 मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा टेबलांत ठेवायची कल्पना, मांडलं तेव्हा त्यातला एक मोठा विचार हा होता की वापरणाऱ्याला डेटा आत कसा ठेवलाय ते माहीत असायची गरज पडू नये. क्लाउडनं तेच आणखी पुढं नेलं. पण काट्यावरच्या माणसाला ते माहीत नसलं तरी चालतं, कारण दुसऱ्या कुणाला तरी ते माहीत असतं, आणि ते माहीत असणारं माणूस म्हणजे माझ्यासाठी तुम्ही होता.

मागच्या वर्षी एक सिस्टीम ओरॅकलवरनं पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर नेली, त्यात शेतकऱ्यांच्या यादीत कितीतरी नावं कोरी यायला लागली. ओरॅकलमध्ये नल, म्हणजे न भरलेली जागा, जोडला तरी बाकीचं नाव तसंच राहतं, पोस्टग्रेसमध्ये दोन उभ्या रेघांच्या (||) जोडचिन्हानं नल जोडला की सगळंच नल होतं, त्यामुळं ज्यांचं मधलं नाव भरलेलं नव्हतं त्यांचं पूर्ण नावच गायब. लाइव्ह जायच्या आधी सापडलं, कारण दोन्हीकडच्या रो मोजून न थांबता मी नावंसुद्धा एकेक कॉलम धरून ताडून बघत होतो. हे कुठल्याच चेकलिस्टमध्ये नव्हतं, तुमच्या नोंदींच्या त्या निळ्या वहीत होतं.

वही अजून माझ्याकडंच आहे. पुरात ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाचगावला नेली होती, कोपरे थोडे फुगलेत पण अक्षर सगळं लागतं. माझ्याकडं आता दोन नवीन पोरं आलीत, त्यांना झेरॉक्स काढून दिलीय. त्यातल्या मुलीनं परवा स्वतःहून एक जुना बॅकअप वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करून पावत्यांची बेरीज लावून दाखवली, मी सांगितलेलं नसताना.

तुम्ही आता गावाकडं असता असं कळलं. येत्या रविवारी वही घेऊन येतोय, त्या पोरीलाही बरोबर आणतो, तिला तुम्हाला कंट्रोल फाईलबद्दल काहीतरी विचारायचंय. वहिनींना सांगा जेवायलाच थांबतोय.

तुमचाच,
काट्यावरचा पोरगा
कोल्हापूर