माणगावच्या इलेक्ट्रिशियन दादांना

दादा,

सप्रेम नमस्कार.

आषाढातल्या त्या दुपारी गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून 'दादा' एवढंच लिहिते. पांढरी गाडी, ड्रायव्हरच्या बाजूची काच पूर्ण खाली, आणि मागच्या सीटवर काळा चष्मा लावून, छत्री आडवी धरून बसलेली माझी आई. एवढ्यावरून तुम्हाला आठवेल.

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आठ दिवस झाले होते. पुण्यात तपासणी झाली, घरी जायला परवानगी मिळाली आणि आम्ही दापोलीला निघालो. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. ताम्हिणीत धुकं इतकं दाटलं की समोरच्या गाडीचा हॉर्न तरी ऐकू यावा म्हणून मी काच खाली घेतली. परत वर घ्यायला बटण ओढलं तर काहीच नाही. बाकीच्या तीन काचांचंही तेच. घाट उतरून माणगावला पोचेपर्यंत पाऊस सरळ आत येत होता. मी भिजले त्याचं काही नाही, पण आईकडे आरशात बघायचीही भीती वाटत होती.

तुम्ही हातातलं काम ठेवून आलात आणि आधी आईला दुकानात आतल्या खुर्चीवर बसवलंत. मग मला विचारलंत, "ताई, बटण दाबल्यावर मोटरचा आवाज येतो का?" येत नव्हता. आवाज येऊन काच हलत नसेल तर आतली केबल नाहीतर काच धरणारी प्लास्टिकची क्लिप तुटलेली असते, आणि आवाजच नसेल तर करंट कुठे अडलाय ते बघायचं, हे तुम्ही डोअर पॅडचे, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणाचे, स्क्रू काढता काढता सांगितलंत. पॅड निघाल्यावर मोटरचा प्लग सोडवून तिला बॅटरीवरून थेट करंट दिलात. काच आधी थोडी खालीच दबली. तुम्ही दोन वायरी उलट केल्यात, आणि ती सरसर वर गेली. त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

पुढचं वाक्य मी विसरणार नाही. "आता काच वर आहे, निघालात तरी चालेल. थांबलात तर दोष शोधतो." घाबरलेल्या गिऱ्हाइकाला 'मोटर गेली' सांगितलं असतंत तर मी मुकाट्याने पैसे मोजले असते. दोन महिन्यांपूर्वी मोजलेही होते. तेव्हा पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये याच तक्रारीवर अख्खं स्विच पॅनेल बदललं, साडेतीन हजार रुपये घेतले. काचा महिनाभर चालल्या, मग मधूनच अडायला लागल्या.

आम्ही थांबलो. तुम्ही फ्यूज काढून बघितलात, ३० अँपिअरचा हिरवा, शाबूत. करंट आहे का ते दाखवणारा टेस्ट लॅम्प फ्यूजपाशी पेटला, दारातल्या स्विचच्या प्लगवर पेटला नाही. मग मला शेजारच्या काचेचं बटण दाबून धरायला सांगितलंत आणि दार सावकाश उघडत नेलंत. अर्ध्यावर आलं तेव्हा शेजारच्या दाराची काच एकदम खाली सरकली. "सापडला," म्हणालात. दार आणि बॉडी यांच्यामध्ये जी रबरी नळी असते, ती मागे सारलीत. आतली जाड वायर वरून धड दिसत होती, चिमटीत ओढली तर लांबली. आतलं तांबं तुटलेलं होतं. दार हजारो वेळा उघडतं-मिटतं, वायर रोज त्याच जागी वाकते, आणि एकेक तार तुटत जाते. दार एका विशिष्ट कोनात असलं की टोकं एकमेकांना टेकायची आणि काचा चालायच्या. पॅनेल बदलताना वायर हलून टोकं टेकली असणार, म्हणून गाडी 'बरी' झाली होती, तेही मला तेव्हाच कळलं.

नुसती पिळून टेप गुंडाळली असतीत तरी मला समजलं नसतं. तुम्ही नवा तुकडा सोल्डर केलात, वर स्लीव्ह चढवलीत, थोडी ढील ठेवलीत, आणि दोन्ही जोड नळीच्या बाहेर घेतलेत, वाकणाऱ्या जागी जोड नको म्हणून. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं चिखलाने बुजली होती, ती तारेने मोकळी केलीत. ओंजळभर पाणी निघालं. पॅडमागचा प्लास्टिकचा कागद कडेने दाबून चिकटवलात. काचेच्या रबरात सिलिकॉन स्प्रे मारताना बजावलंत, "ऑइल, ग्रीस कधी लावू नका, रबर फुगतं आणि काच जड होते." सव्वा तास गेला. तुम्ही तीनशे रुपये मागितलेत. मी जास्त देऊ लागले तर घेतले नाहीत.

हे सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण ज्याची काच अडते त्याला पहिल्यांदा मोटर नाहीतर पॅनेलच सांगितलं जातं. त्याने आधी फ्यूज बघावा, मग दार हलवून बघावं. आणि माणगावात एक माणूस दोष सापडल्याशिवाय पार्ट बदलत नाही, हेही लोकांना कळावं.

त्या दिवशी आंबेतचा पूल ओलांडला तेव्हाही पाऊस कोसळत होता. आई मागे शांत झोपली होती. तिचा डोळा आता छान आहे, पेपर वाचते. तुम्ही मला दाखवायला दिलेला तो तुटक्या वायरचा तुकडा अजून गाडीच्या कप्प्यात आहे. आईने तुमच्यासाठी कोकमाच्या आगळाची बाटली वेगळी काढून ठेवली आहे. गणपती करून पुण्याला परतताना माणगावला थांबू, तेव्हा देते. आणि नाव विचारते.

तुमची कृतज्ञ,
पांढऱ्या गाडीवाली ताई