साहेब, पंपावरची पाटी किलोवर विकू नका

माननीय पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

पत्र पेट्रोलच्या भावाबद्दल नाहीये हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुमच्या ऑफिसातला कुणीतरी पहिली ओळ वाचून ठरलेलं उत्तर चिकटवायचा. ई-20 बद्दल, म्हणजे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दलपण नाहीये, त्याबद्दल बोलायला बाकी मंडळी भरपूर आहेत. मला बोलायचंय पेट्रोल पंपावरच्या जुन्या पाट्यांबद्दल. हसू आलं तर हसा, पण पुढचं वाचा.

मी रिटायर्ड एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे. 28 वर्षं औषधांची बॅग घेऊन गावोगाव फिरलो, आधी राजदूतवर आणि मग हिरो होंडावर, आणि फिरतीच्या माणसाला गावं लक्षात राहतात ती डॉक्टरांवरून आणि पंपांवरून. कुठल्या पंपावर सावली आहे, कुठे माठातलं पाणी गार असतं, कुठे 'झिरो बघा' म्हणतात आणि कुठे न म्हणताच नोझल टाकीत घालतात हे सगळं डोक्यात फिट्ट असायचं. राजदूत टू-स्ट्रोक, त्यामुळे पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल लागायचं. पंपावर त्याचं वेगळं छोटं मशीन असायचं, काचेच्या आत तेल दिसायचं, पोरगा हँडल दाबायचा की हिरवट-निळं तेल गुळगुळ करत खाली यायचं. आता ते मशीनही नाही, त्याच्यावरची पाटीही नाही. 'अनलेडेड' असं मोठ्या अक्षरात लिहिलेले बोर्ड आठवतात का? फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंदच झालं, मग अनलेडेड वेगळं सांगायची गरज उरली नाही, पाच-सात वर्षांत बोर्ड गायब. कुणी एक ठेवला असेल असं मला वाटत नाही.

आता मुद्द्यावर येतो. काही वर्षांपूर्वी कराडहून चिपळूणला निघालो होतो, कुंभार्ली घाटाच्या बऱ्याच अलीकडे एका पंपावर थांबलो. पंप कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही, कारण चूक एका कंपनीची नाही, सगळीकडे हेच चालतं. पंपाचं नवं रूप करायचं काम चालू होतं. जुना कॅनोपीचा, म्हणजे पंपावरच्या छताचा पत्रा उतरवलेला, बाहेर रस्त्यालगतचा उंच बोर्ड, ज्याला पंपवाले मोनोलिथ म्हणतात, तो आडवा पाडलेला, आणि ऑफिसची जी भिंत इतकी वर्षं पत्र्यामागे झाकलेली होती ती उघडी पडलेली. त्या भिंतीवर पेंटरच्या हातची अक्षरं होती, पेट्रोल, डिझेल, रॉकेल, एकाखाली एक, लाल अक्षरांना काळी सावली दिलेली, आणि रॉकेलच्या 'ल'ची शेपटी जरा जास्तच लांब, जागा उरली म्हणून पेंटरने हात मोकळा सोडला असणार. मी फोन काढेपर्यंत एका पोराने त्याच्यावर प्रायमरचा पहिला हात फिरवलासुद्धा.

बाजूला टेम्पो उभा, त्यात पत्रे टाकत होते, काटा लावलेला. त्या ढिगात एक छोटी इनॅमलची पाटी दिसली. गडद निळी, पांढऱ्या अक्षरात 'हवा मोफत' आणि खाली बाण. हातात घेतली तर जड लागली. अंगठा फिरवला की अक्षर किंचित वर आलेलं कळतं, कारण इनॅमलमध्ये प्रत्येक रंग वेगळा लावून भट्टीत वेगळा भाजतात, म्हणजे पत्र्यावर काचच वितळवलेली असते. म्हणून तर ऊन लागून रंग उडत नाही. चारी स्क्रूच्या भोकांभोवती तेवढा टवका गेलेला आणि तिथे गोल गंज धरलेला, बाकी पाटी कालच्यासारखी. शेजारी उतरवलेला आताआताचा अॅक्रिलिकचा बोर्ड होता, त्यातला लाल रंग फिका पडून गुलाबी झालेला. कॉन्ट्रॅक्टरला विचारलं, ही देता का? तो म्हणाला काका, काट्यावर ठेवा, पत्र्याचा भाव द्या आणि न्या. दिला आणि आणली. डीलर बिचारा खुर्चीत बसून बघत होता, म्हणाला पाटी कंपनीची असते हो, आमच्या हातात काही नाही.

साहेब, ही जी कंपनीची पाटी, तिच्यात आपल्या देशाचा बराच इतिहास आहे. 1928 साली बर्मा ऑइल आणि शेल यांची मिळून बर्माशेल झाली, आमच्या आजोबांच्या पिढीत रॉकेलचा डबा म्हणजे बर्माशेलचा डबा. चार गॅलनचा, म्हणजे साधारण 18 लिटरचा तो चौकोनी डबा रिकामा झाला की पाणी भरायला, धान्य ठेवायला, आणि अगदीच फुटला तर कापून छपरावर. मग एस्सो, कॅल्टेक्स. एस्सो हे नाव म्हणजे स्टँडर्ड ऑइलची एस आणि ओ ही आद्याक्षरं, उच्चारतात तशी लिहिलेली. या कंपन्यांसाठी गळा काढायला मी आलेलो नाही. 1960 मध्ये रशियाचं स्वस्त क्रूड आपल्या सरकारला मिळत होतं तेव्हा आमच्या रिफायनरीत ते शुद्ध करणार नाही म्हणून याच तिघांनी हात वर केले होते. तुमच्याच खात्याचे जुने मंत्री केशवदेव मालवीय यांना ते काय लागलं असेल ते असो. पुढे 1973 चा तेलाचा भडका उडाला, 1974 मध्ये एस्सोची हिंदुस्तान पेट्रोलियम झाली, जानेवारी 1976 मध्ये बर्माशेल सरकारने घेतली आणि ऑगस्ट 1977 मध्ये तिला भारत पेट्रोलियम हे नाव मिळालं, कॅल्टेक्स 1978 मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये गेली. म्हणजे चार-पाच वर्षांत देशभरच्या पंपांवरच्या परदेशी पाट्या उतरल्या आणि आपल्या चढल्या. मला तर हा स्वातंत्र्याचाच एक उशिरा आलेला हप्ता वाटतो, आणि त्या उतरवलेल्या पाट्यांचं काय झालं तर भंगार.

त्यानंतरही हे थांबलेलं नाही. आयबीपी आठवते का, 1909 साली रंगूनला सुरू झालेली कंपनी, 2002 मध्ये इंडियन ऑइलने सरकारचा हिस्सा घेतला आणि 2007 मध्ये ती पूर्ण विलीन झाली, पंपावरचं नावही गेलं. एस्सारचे पंप नायरा झाले. शेलचा शिंपला 1976 मध्ये गेला तो दोन हजारच्या दशकात स्वतःच्या नावाने परत आला, त्यामुळे आजोबांनी बघितलेला शिंपला नातवाने बघितला आणि मधल्या बापाने बघितलाच नाही असं काहीतरी गमतीशीर झालंय. 2018 मध्ये ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने हिंदुस्तान पेट्रोलियममधला सरकारी हिस्सा घेतला, पाटी बदलली नाही. पण नोव्हेंबर 2019 मध्ये भारत पेट्रोलियम विकायचं ठरलं तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला, म्हटलं आता पिवळी-निळी पाटीपण जाणार. जिथे जाईन तिथे तिचे फोटो काढत सुटलो, बायको म्हणायची डोकं फिरलंय. 2022 मध्ये ती विक्री रद्द झाली आणि मला फोनमधली जागा रिकामी करावी लागली. (केली नाही.)

बरं, पाटी जाते पण नाव लोकांच्या तोंडातून जात नाही. पुण्यात विमानतळाच्या बाजूला बर्माशेल नावाची वस्ती आहे, केरळात कण्णूरला गजबजलेल्या चौकाचं नाव कॅल्टेक्स, रिक्षावाल्याला सांगितलं की तो बरोब्बर नेतो. आपल्या मराठीत तर रॉकेल हा शब्दच रॉक ऑइलवरून आलाय आणि घासलेट गॅस लाइटवरून, म्हणजे डब्यावरचं इंग्रजी घराघरात जाऊन मराठी झालं. उद्या नात विचारेल बर्माशेल म्हणजे काय हो आजोबा, तर दाखवायला काय आहे? चोर बाजारात जा आणि असली-नकली ओळखता येत असेल तर हजारो रुपये मोजा. आणि तिथूनही चांगल्या पाट्या परदेशी गिऱ्हाइकं उचलतात.

तुम्ही म्हणाल कायदा आहे की. हो आहे, 1972 चा पुरावशेष कायदा. त्यात अशी वस्तू पुरावशेष ठरायला कमीत कमी 100 वर्षं जुनी लागते. आता हिशोब करा. बर्माशेल झाली 1928 ला. म्हणजे त्या नावाची अगदी पहिली पाटी जरी धरली तरी 2028 पर्यंत तिला कायद्याचं संरक्षण नाही, आणि 1955 ची पाटी असेल तर 2055 ची वाट बघा. तोपर्यंत तिची वितळून सळई झालेली असेल. आयबीपीच्या शेवटच्या पाटीचा नंबर कधी लागेल ते तुमच्याच ऑफिसला काढू दे.

आणि हे जमत नाही असंही नाही. ज्या 1977 साली भारत पेट्रोलियम हे नाव लागलं त्याच वर्षी दिल्लीत रेल्वेचं म्युझियम उघडलं, आज पोरं तिथे इंजिनावर चढून फोटो काढतात. मुंबईत बेस्टने आणिक डेपोत जुनी तिकिटं आणि मशिनं जपून ठेवलीत. तेलाचंही दिग्बोईला आहे म्युझियम, इंडियन ऑइलनेच केलंय, पण ते आसामात, विहीर आणि रिफायनरी जिथे सुरू झाली तिथलं. माझ्या कराडच्या रस्त्यावरच्या पंपाचं काय? अमेरिकेत तर शेव्हरॉन कंपनी काही राज्यांत एखाद-दुसऱ्या पंपावर 'स्टँडर्ड' हे जुनं नाव अजून मुद्दाम लावून ठेवते, प्रेमापोटी नाही, ट्रेडमार्कवरचा हक्क जाऊ नये म्हणून. वकिलांच्या भीतीने का होईना पाटी राहिली ना.

माझं मागणं फार नाही. तिन्ही सरकारी कंपन्यांना एक पत्र पाठवा की पंपाचं रूप बदलताना उतरवलेलं सामान सरसकट भंगाराच्या लिलावात टाकायचं नाही, आधी फोटो काढायचा, कुठला पंप, कुठलं साल, एवढं लिहायचं, आणि इनॅमलची किंवा हाताने रंगवलेली पाटी असेल तर ती बाजूला ठेवायची. प्रत्येक पिढीची एक-एक पाटी आणि एक-एक मशीन, आकडे गोल फिरणारं जुनं मशीन सुद्धा, एका जागी लावा. बॅलार्ड इस्टेटला भारत पेट्रोलियमची जी इमारत आहे ती मुळात बर्माशेलचीच, तळमजल्यावर एक हॉल दिला तरी भागेल. आणि हो, परक्या कंपनीचा लोगो सरकारी इमारतीत कसा लावायचा असा प्रश्न कुणी अधिकारी काढेलच, तर त्याला सांगा की राजाचं डोकं असलेली नाणी सरकारी म्युझियममध्ये ठेवतोच ना आपण.

हे आत्ताच का म्हणाल तर पुढची लाट दारात उभी आहे. सीएनजीचे बोर्ड लागले, चार्जिंगचे लागले, काही पंपांवर तर पेट्रोल हा शब्द शोधावा लागतो. आज मला नवी आणि चकचकीत वाटणारी पाटी दहा वर्षांनी त्याच टेम्पोत असणार. इंडियन ऑइलचं ते केशरी वर्तुळ आणि निळ्या पट्टीवरचं देवनागरी नाव, ट्रकवाल्याला दोन फर्लांगांवरून दिसतं, त्याचंही एक नमुन्याला आत्ताच ठेवा, नंतर शोधत बसू नका.

'हवा मोफत' माझ्याकडे गॅलरीत टांगलेली आहे. हॉल झाला की कळवा, मी स्वतः मुंबईला आणून देतो, एसटीने येईन, भाडं नको. फक्त पोच पावती द्या, कारण त्या काट्यावर मी पैसे मोजले तेव्हा मला पावती मिळाली नव्हती आणि बायको अजून विचारते की पत्र्याला इतके कसे दिले.

आपला,
एक रिटायर्ड एमआर