हलच्या शाळेतल्या मिसेस केंट

चि. सायलीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा फोन झाल्यापासून एकच वाक्य डोक्यात घोळतंय. "बाबा, आठवड्यातून एक तास गाणं शिकवून त्या मुलांच्या हाती काय लागणार?" फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र.

तुला कॅथरीन, डचेस ऑफ केंट यांच्याबद्दल सांगायचंय. राणी एलिझाबेथ यांचे चुलत भाऊ प्रिन्स एडवर्ड, त्यांची ही पत्नी. जन्म 1933 चा, यॉर्कशायरमधल्या हॉव्हिंगहॅमचा. पियानो, व्हायोलिन, ऑर्गन लहानपणीच शिकल्या. लग्नाआधी यॉर्कच्या एका बालगृहात आणि पुढे लंडनच्या बालवाडीत काम केलं. 1961 मध्ये यॉर्क मिन्स्टरमध्ये लग्न झालं आणि मग उद्घाटनं, समारंभ, दौरे हे सगळं ओघानं आलंच.

जगानं त्यांना ओळखलं ते विंबल्डनमुळे. 1993 चा महिलांचा अंतिम सामना. याना नोव्होत्ना तिसऱ्या सेटमध्ये स्टेफी ग्राफपेक्षा 4-1 नं पुढे होती आणि तिथून हरली. उपविजेतेपदाचं तबक घ्यायला आली आणि तिचा बांध फुटला. डचेसनी सरळ तिचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून घेतलं. राजघराण्यातली बाई सगळ्यांच्या देखत कुणाला अशी जवळ घेते, हे लोकांनी फारसं पाहिलं नव्हतं. पाच वर्षांनी नोव्होत्ना जिंकली, तेव्हा करंडक दिला तो याच डचेसनी.

ती माया वरवरची नव्हती. 1977 मध्ये त्यांचा मुलगा पॅट्रिक मृतच जन्माला आला. त्याच्याही आधी, गर्भारपणात जर्मन गोवर (रुबेला) झाल्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्यानं एकदा गर्भपात करावा लागला होता. पुढे नैराश्यानं त्या पार खचल्या, आणि ते त्यांनी लपवून ठेवलं नाही. ज्या काळात अशा घरांतून ही गोष्ट दाराबाहेर जाऊ देत नसत, त्या काळात हे बोलायला किती धैर्य लागलं असेल!

पण मला जे सांगायचंय ते हलचं.

हल हे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं बंदर. एकेकाळी मासेमारीवर पोसलेलं. आइसलंडनं आपला समुद्र परक्या बोटींना बंद केला आणि सत्तरीच्या दशकात तिथला धंदा बसला. कामं गेली, घरं अडचणीत आली. तिथल्या वॉन्सबेक प्राथमिक शाळेत 1996 पासून संगीताच्या एक बाई येऊ लागल्या. नाव मिसेस केंट. लंडनहून रेल्वेनं तीनशे किलोमीटरहून जास्त प्रवास करून त्या दर आठवड्याला येत. या कोण, हे मुख्याध्यापकांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं, ना मुलांना ना पालकांना. तेरा वर्षं हे चाललं. मधेच, 2002 मध्ये, त्यांनी 'हर रॉयल हायनेस' हे बिरुदही वापरायचं सोडलं.

सायली, त्यांनी एकदा भेट देऊन फोटो काढला असता आणि देणगीचा चेक दिला असता, तरी लोकांनी कौतुकच केलं असतं. मला मोठं वाटतं ते वेळापत्रक पाळणं. ठरल्या दिवशी गाडी पकडायची, वर्गात जायचं, सूर धरायला लावायचा, पुढच्या आठवड्यात तिथूनच पुढे न्यायचं. तूही आठवड्यातून एकच वेळ जाणार आहेस. त्यांचंही तेवढंच होतं.

आणि त्यातून त्यांना काय दिसलं ते ऐक. गाता आलं की मुलांचा स्वतःवरचा विश्वास वाढतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. अंगात गुण आहे, पण घरी वाद्य घ्यायला किंवा शिकवणी लावायला पैसे नाहीत, अशी मुलंही दिसली. म्हणून 2004 मध्ये निकोलस रॉबिन्सन यांच्यासोबत त्यांनी 'फ्यूचर टॅलेंट' ही संस्था काढली. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या होतकरू मुलांना ती शिष्यवृत्ती देते, वाद्यं आणि मार्गदर्शन मिळवून देते. हलच्या त्या वर्गाशिवाय ही संस्था सुचली असती, असं मला नाही वाटत.

4 सप्टेंबर 2025 ला, 92 व्या वर्षी त्या गेल्या. 1994 मध्ये त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला होता, त्यामुळे अखेरची प्रार्थना वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमध्ये झाली. मोठमोठे लोक जमले होते. मला मात्र राहून राहून हलची ती मुलं आठवत होती, जी आता तिशीच्या आसपास असतील.

तेव्हा पहिल्याच महिन्यात हिशेब मांडू नकोस. रागांची नावं सांगायची घाई नको. आधी टाळीवर ठेका धरू दे, एखादं बडबडगीत सगळ्यांना एका सुरात म्हणू दे. वर्गात मागे गप्प बसणारं एखादं पोर असेलच, त्याच्याकडे कान ठेव. शाळेत पेटी नाही म्हणालीस ना? आपली पेटी भाता दुरुस्त करून पाठवतो. कुणाच्या हाती पाठवू ते कळव.

तुझे,
बाबा