घाटाखालच्या गॅरेजातल्या वस्तादांना

वस्ताद, सप्रेम नमस्कार.

आमच्या मारुती जिप्सीच्या गिअरबॉक्सची तेलगळती तुम्ही शोधून दिलीत. त्याच दिवशी तोंडी आभार मानले, पण तेवढ्याने समाधान झालं नाही. तुम्ही जे दाखवलंत ते प्रत्येक फोर बाय फोरवाल्याच्या कामाचं आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत.

गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाचं सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी, त्याआधी दुसरीकडे दोनदा बदलून झालं होतं. दोन्ही वेळा महिन्याभरात खाली पुन्हा डाग. तुम्ही पाना उचलण्याआधी एवढंच विचारलंत, "पडतंय ते तेल कुठलं?" जिप्सीत हा प्रश्न फार मोलाचा आहे. तिची ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. ती मागे, वेगळी, तीन रबरी माउंटिंगवर बसते आणि मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. दोघांचं तेल वेगळं, सीलं वेगळी. गिअरबॉक्समध्ये १.३ लिटर तेल, तर ट्रान्सफर केसमध्ये जेमतेम ०.८ लिटर. पाव लिटर गळलं तर गिअरबॉक्सचा पाचवा हिस्सा गेला, ट्रान्सफर केसचा मात्र जवळजवळ तिसरा. म्हणून "थोडंसंच गळतंय" म्हणून सोडून देणं ट्रान्सफर केसच्या बाबतीत जास्त महागात पडतं.

तेल ओळखायची तुमची रीत साधी. बोटावर घ्यायचं, चोळायचं, वास घ्यायचा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो आणि ते चिकट लागतं. इंजिन ऑइल वापरून काळं पडलेलं, त्यामानाने पातळ. बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या कवचाच्या, तळाशी थेंब दिसला तर ही परीक्षा करायलाच हवी. काळं तेल असेल तर इंजिनच्या क्रँकचं मागचं सील गेलंय, गंधकाचा वास असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या, इनपुट शाफ्टचं. दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, पण मागवायचं सील वेगळं. तिथलं तेल क्लच प्लेटवर गेलं की चढावर क्लच घसरायला लागतो, हेही तुम्ही लगेच तपासलंत.

मग धुणं. डिझेल आणि ब्रशने चिखल-तेलाचा थर काढला, हवेने वाळवलं, शेवटी ब्रेक क्लीनर मारला. प्रेशरचा पाइप सीलवर आणि ब्रीदरवर, म्हणजे पेटीतली हवा आत-बाहेर जाण्याच्या बारीक नळीवर, धरू दिला नाहीत, कारण त्या जोराने पाणी आत शिरतं. कोरड्या झालेल्या गिअरबॉक्सच्या पेटीवर टाल्कम पावडर भुरभुरवलीत आणि गाडी पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणायला सांगितलंत. पावडरीवर तेलाची वाट अगदी रेघ ओढल्यासारखी उमटते. चालत्या गाडीखालचा वारा तेल मागे ढकलतो, त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथे गळती नसते. ओल्या भागाचं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं टोक शोधायचं. आमच्या गाडीत ते टोक खरोखर मागच्या सीलपाशीच निघालं. कोणीही तिथेच थांबून तिसरं सील बसवलं असतं.

तुम्ही थांबला नाहीत. गरम गिअरबॉक्सचा वरचा फिलर प्लग, म्हणजे तेल भरायच्या भोकाचं बूच, तुम्ही चिंधीत धरून अर्धाच आटा सैल केलात आणि आतून फुस्स करून हवा बाहेर आली. तो आवाज आम्ही कधी विसरणार नाही. ब्रीदर बंद होता! तारेने टोकरल्यावर त्यातून लाल मातीचा वाळून विटेसारखा झालेला बोळा निघाला. जांभ्याच्या चिखलातून गाडी नेणाऱ्या प्रत्येकाने ब्रीदर बघायला हवा. पेटीतली हवा २५ अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापली आणि तिला बाहेर जायला वाट नसली, तर दाब साधारण १८ टक्क्यांनी वाढतो. सीलचं ओठ तेल अडवण्यासाठी असतं, दाब धरण्यासाठी नाही. नवं असो की जुनं, ते तेल सोडणारच.

याची उलटी बाजू जास्त वाईट, आणि ती तुम्ही समजावलीत म्हणून खास आभार. तापलेली पेटी थंडगार ओढ्यात उतरली की आतली हवा आकसते. ब्रीदर बंद असेल तर ती सीलमधून पाणी ओढते. म्हणून तुम्ही थोडं तेल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरलंत. ते दुधाळ, चहाच्या रंगाचं असतं तर नुसती भर घालून भागलं नसतं, सगळं काढावं लागलं असतं. बाटलीत चुंबकही फिरवलंत. बारीक राखाडी लेप चालतो. कपची किंवा तुकडा आला तर पेटी उघडावी लागते.

मधला आखूड शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर, म्हणजे शाफ्ट जोडायच्या चकत्यांवर, रंगाची खूण केलीत, म्हणजे तो होता तसाच परत बसेल आणि थरथरणार नाही. फ्लँजच्या ज्या भागावर सील घासतं तिथे नख फिरवून दाखवलंत. नख अडकलं. जुन्या सीलने तिथे खाच पाडली होती आणि दोन्ही नवी सीलं त्याच खाचेवर बसवली गेली होती. तुम्ही नवं सील दीड मिलिमीटर अलीकडे बसवलंत, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येईल. ओठाला तेल लावून, सीलच्या मापाची गोटी (पान्याचं नळकांडं) ठेवून सगळीकडून सारखं ठोकलंत. एका बाजूने ठोकलेलं सील तिरकं बसतं आणि पहिल्याच दिवशी गळतं. त्याआधी शाफ्ट वर-खाली हलवून बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) आणि टॉमी (लोखंडी पहार) लावून ट्रान्सफर केसची तिन्ही माउंटिंग पाहिलीत. एक फाटलेलं निघालं. केस हलली की आखूड शाफ्टचा कोन बिघडतो आणि तो सीलला झोडपत राहतो.

तेल भरताना गाडी सपाट जमिनीवर, फिलरच्या भोकाच्या कडेपर्यंत, त्याहून जास्त नाही. जास्त भरलेलंही बाहेरच येतं. आणि तेल सोडायचा खालचा ड्रेन प्लग उघडण्याआधी फिलर प्लग सुटतोय याची खात्री. तो अडकला तर रिकामी पेटी घेऊन बसावं लागतं. गिअरबॉक्ससाठी तुम्ही जीएल-४ दर्जाच्या गिअर ऑइलचाच आग्रह धरलात, कारण जीएल-५ मधली गंधकाची रसायनं सिंक्रोच्या, म्हणजे गिअर अलगद पाडणाऱ्या, पितळी रिंगांना मानवत नाहीत. ते पटलं.

ब्रीदरला आता रबरी पाइप जोडून तो बॉनेटखाली फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) उंचीपर्यंत नेलाय. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मध्ये कुठेही झोळ ठेवला नाही, कारण झोळात पाणी साचतं. टोकाला लहान फिल्टर, तोंड खाली. गाडी रोज रात्री वर्तमानपत्रावर उभी करतो. कागद कोरा आहे. हजार किलोमीटर झाले की फिलर प्लग उघडून पातळी पाहू आणि तुम्हाला कळवू.

जिप्सीचं उत्पादन थांबून काही वर्षं झाली, चांगला गिअरबॉक्स आता सहज मिळत नाही. आमचा तुम्ही वाचवलात. मनापासून आभार, वस्ताद.

आपले,
जिप्सीवाले