खारदुंगलासाठी घेतलेल्या टोप्या आणि गॉगल : 24 संचांबद्दल तक्रार

सातारा
दिनांक : 18 जुलै 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी म्हणून विकलेल्या टोपी-गॉगल संचातील दोष, आणि पैसे परत मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून 2 जून रोजी आम्ही ‘अल्ट्रा संच’ या नावाने विकले जाणारे 24 संच मागवले. प्रत्येक संचात मानेवर पडदा असलेली टोपी, एक गॉगल, त्याच्या गडद आणि पारदर्शक अशा दोन काचा आणि एक पिशवी. दर संचाला 3,450 रुपये, एकूण 82,800 रुपये. माल 9 जूनला मिळाला. बीजक आणि छायाचित्रे सोबत जोडली आहेत. काचेवर वाफ धरण्यासह या दोषांबद्दलच्या आमच्या पहिल्या ईमेलला आपल्याकडून ‘काच मऊ कापडाने पुसावी, वापराने सवय होईल’ असे उत्तर आले. सवय माणसाला होते, टोपीतल्या पुठ्ठ्याला होत नाही. म्हणून हे सविस्तर पत्र.

संच घेतले ते लडाखमधल्या, सप्टेंबरमध्ये होणाऱ्या खारदुंगला चॅलेंजसाठी. ही 72 किलोमीटरची शर्यत अंधार असतानाच खारदुंग गावातून सुटते, साडेसतरा हजार फुटांवरची खिंड ओलांडते आणि लेहला संपते. म्हणजे एकाच दिवसात हेडलॅम्प, बोटे बधिर करणारी थंडी, खिंडीतले कोरडे ऊन आणि उतारावरची धूळ. उंची हजार मीटरने वाढली की अतिनील किरणे साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. रस्त्याकडेला ताजा बर्फ असेल तर त्यावर पडलेल्या अतिनील किरणांपैकी 80 टक्क्यांपर्यंत किरणे परत वर उसळतात, म्हणजे टोपीच्या छज्ज्याखालून (पुढे आलेल्या कडेखालून) डोळ्यांत. सराव मात्र साताऱ्याजवळच्या यवतेश्वर-कासच्या घाटात, ऐन पावसाळ्यात. आपल्या पेटीवर ‘घाटापासून हिमालयापर्यंत’ असे छापले आहे, तेव्हा दोन्हीकडे चालण्याची हमी आपणच दिलेली आहे.

सर्वांत मोठा दोष आधी सांगतो. पेटीवर लिहिले आहे की टोपी आणि गॉगल ‘एकमेकांसाठी बनवले’ आहेत. ते दोन वेगळ्या टेबलांवर बनले असावेत. टोपी कपाळावर नेहमीच्या जागी, भुवयांच्या वर दोन बोटे, बसवली की छज्ज्याची आतली कड गॉगलच्या वरच्या चौकटीला टेकते. उभे राहून आरशात पाहिले तर हे लक्षात येत नाही. चढावर मान खाली गेली की छज्जा चौकटीला खाली ढकलतो, गॉगल नाकावरून घसरतो, आणि दर वीस-तीस पावलांना बोट लावून तो वर करावा लागतो. टोपी मागे सरकवली तर हे थांबते, पण मग कपाळ उघडे पडते आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याने टोपी उडते.

दुसरी टक्कर कानापाशी. मानेवरचा पडदा कानांवरून सरळ खाली येतो आणि गॉगलच्या काड्या त्याच्याखाली दाबल्या जातात. पाठीवर पाण्याची वेस्ट (पाणी ठेवायचे बिनबाह्यांचे जाकीट) असेल तर पडद्याचे खालचे टोक वेस्टच्या कॉलरमध्ये अडकते. मग मान डावीकडे वळवली की पडदा उजवी काडी ओढतो आणि गॉगल तिरका होतो. उतारावर खाली पाहिले की तोच पडदा टोपीला मागे खेचतो. यावरचा इलाज काही अवघड नाही: प्रत्येक कानामागे पडद्याला चारेक सेंटिमीटरची चीर, काड्या चिरेतून बाहेर, आणि पडद्याची लांबी वेस्टच्या कॉलरच्या वरच संपेल एवढीच. आपला पडदा 26 सेंटिमीटर आहे. वाळवंटात उभ्या असलेल्या माणसाला तो छान दिसेल.

पडदा टोपीला तीन व्हेल्क्रो तुकड्यांनी जोडलेला आहे. व्हेल्क्रोची काटेरी बाजू टोपीवर ठेवल्यामुळे पडदा काढला की ती उघडी राहते आणि केस, बफ (गळ्यात घालून नाकावर ओढायचे नळीसारखे कापड), हातमोजा, जे हाताशी येईल ते पकडते. आठ-दहा धुण्यांनंतर त्यात धागे भरून पकड जाते. इथे साधी टिचबटणे हवी होती: पाच पुरे, स्वस्त, आणि थंडीत हातमोज्यासकट दाबता येतात.

आता काचांविषयी. गडद काचेवर ‘यूव्ही 400’ असा स्टिकर आहे. म्हणजे 400 नॅनोमीटरपर्यंतची किरणे अडतात, एवढेच. काच किती गडद आहे हे त्यातून कळत नाही, आणि या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. गडदपणासाठी आयएसओ 12312-1 या मानकात 0 ते 4 असे प्रकार आहेत. प्रकार 2 मधून 18 ते 43 टक्के प्रकाश आत येतो, प्रकार 3 मधून 8 ते 18, प्रकार 4 मधून 3 ते 8. आपल्या काचेवर, काडीच्या आतल्या बाजूला, पेटीवर किंवा माहितीपत्रकात यातला एकही आकडा नाही. म्हणून पाच गॉगल चष्म्याच्या दुकानातल्या मीटरवर तपासून घेतले. अतिनील किरणे पाचही काचांनी व्यवस्थित अडवली. तिथे आपल्याला पूर्ण गुण. पण दृश्य प्रकाश सहा ते सात टक्केच आत येतो. हा प्रकार 4 झाला. या प्रकारावर वाहन चालवताना वापरू नये अशी खूण असावी लागते. ती नाही, आणि आपल्या जाहिरातीत मात्र हाच गॉगल लावून मोटारसायकलवर बसलेला माणूस दाखवला आहे. हे चित्र आधी काढा, बाकीचे नंतर बोलू.

धावण्यातही याचा त्रास होतो. दुपारच्या बर्फावर प्रकार 4 योग्यच आहे. घाटात झाडांची सावली आली की त्याच काचेतून खडी आणि खड्डा सारखेच दिसतात. सावलीतून उन्हात, उन्हातून सावलीत असे दर मिनिटाला होते तिथे पाय मुरगळण्याला एवढे कारण पुरते. सर्वसाधारण संचात प्रकार 3 ची काच द्यायला हवी होती, आणि प्रकार 4 स्पष्ट छापून वेगळी विकायला हवी होती. आपल्या प्रतिनिधीने प्रकाशानुसार रंग बदलणारी काच 1,200 रुपये जादा घेऊन देऊ केली. ती काच कडक उन्हाळ्यात पुरती गडद होत नाही, थंडीत पुन्हा उजळायला वेळ घेते, हे माहीत असूनही या शर्यतीला ती चालेल. जादा पैसे मात्र आम्ही का द्यावेत, हे कळले नाही.

अंधारात सुरुवात म्हणजे पारदर्शक काच, आणि उजाडल्यावर ती बदलून गडद. काच बदलण्याची पद्धत आपल्या पत्रकात अशी आहे: चौकटीची बाहेरची कड धरून खाली वाकवा, काच बाहेर काढा, नवी काच नाकाकडच्या खाचेत बसवून दाबा. चौकट लवचीक असेल तर हे दहा सेकंदांचे काम. पेटीवर चौकट टीआर-90 या लवचीक प्लॅस्टिकची असल्याचे लिहिले आहे. ते खरे असते तर ती वाकून परत आली असती. 24 पैकी तीन चौकटी पहिल्यांदा काच काढतानाच बाहेरच्या कोपऱ्यात तडकल्या, त्याही घरात, पंख्याखाली. शून्याजवळच्या तापमानात कडक झालेले प्लॅस्टिक आणि हातमोजे यांचे काय होईल ते आपणच ठरवा.

वाफ धरण्याचे कारण आपल्या उत्तरात ‘हवामान’ असे दिले आहे. हवामान साताऱ्याचे आहे हे मान्य. पण वाफ धरते ती चेहऱ्याजवळची गरम दमट हवा थंड काचेवर अडकून राहिल्यामुळे. सपाटीवर वेगाने धावताना वारा ती काढून नेतो. चढावर वेग ताशी पाच-सहा किलोमीटरवर आला की, किंवा पाण्याच्या थांब्यावर उभे राहिले की, ती तिथेच कोंडते. म्हणून काचेच्या वरच्या कोपऱ्यांत छिद्रे ठेवतात आणि चौकट गाल व भुवया यांपासून दोन-तीन मिलिमीटर सुटी ठेवतात. आपल्या गॉगलला छिद्रे नाहीत, चौकट गालाला चिकटते, आणि वरून छज्जा टेकल्यामुळे उरलीसुरली फटही बुजते. खिंडीत नाकावर बफ ओढला की उच्छ्‌वास सरळ काचेमागे जाईल. तिथे हा गॉगल कपाळावर चढवून ठेवण्यापलीकडे उपयोगाचा नाही, आणि नेमक्या तिथेच डोळे उघडे ठेवणे परवडत नाही. बर्फांधत्व, म्हणजे अतिनील किरणांनी डोळे भाजणे, काही तासांनी चढते. त्या क्षणी काहीच जाणवत नाही.

‘मऊ कापडाने पुसा’ या सल्ल्याबद्दलही दोन शब्द. वाळलेल्या घामात मिठाचे खडे असतात. कोरड्या कापडाने पुसले की ते काचेवर घासतात आणि आतला वाफरोधक थर आधी जातो. बाटलीतले पाणी ओतून आधी धुवावे, झटकावे, मग हलकेच टिपावे, असे पत्रकात हवे. त्याच पत्रकात ‘डास प्रतिबंधक मलमांसोबत सुरक्षित’ असे वाक्य आहे. अशा बऱ्याच मलमांत डीट हे रसायन असते, आणि डीट लागले की पॉलिकार्बोनेट, म्हणजे गॉगलच्या काचांत वापरतात ते प्लॅस्टिक, मऊ पडून धूसर होते. ते वाक्य काढून टाकावे.

टोपीचा छज्जा पुठ्ठ्याचा आहे. उन्हातल्या शर्यतीत टोपी दर थांब्यावर पाण्यात बुडवतात; ती ओली करण्यासाठीच असते. तीन वेळा बुडवून सुकवल्यावर छज्ज्याला लाटा आल्या आणि मधली घडी तशीच राहिली. प्लॅस्टिकचा पातळ पत्रा किंवा फोम असता तर वाकवला तरी उसळून परत आला असता. हेडलॅम्पच्या वेळी हीच अडचण वेगळ्या रूपात येते: पट्टा टोपीवरून बांधला की छज्ज्याची सावली नेमकी पायांपुढे पडते. मऊ छज्जा वर दुमडून ठेवता येतो, पुठ्ठा दुमडला की मोडतो. शिवाय छज्ज्याची खालची बाजू चकचकीत पांढरी. वरून पांढरी ठीक, खालून काळी आणि निस्तेज हवी, नाहीतर रस्त्यावरून आणि बर्फावरून उसळलेला उजेड तिच्यावर आदळून डोळ्यांत येतो. गॉगल बनवणाऱ्या कंपनीला हे सांगावे लागते याचे आश्चर्य वाटते.

घामपट्टी जाड टॉवेली कापडाची आहे. कोरडी टोपी 68 ग्रॅम, भिजवून पिळल्यावर 161 ग्रॅम. पट्टी भरली की घाम कपाळाच्या मध्यातून एका धारेने खाली येतो आणि सनस्क्रीनसकट डोळ्यांत जातो. पातळ पॉलिस्टर पट्टीने तो कडेला पसरून वाळतो. लेबलवर यूपीएफ 50+ आहे, म्हणजे अतिनील किरणांचा जास्तीत जास्त पन्नासावा भाग आत यायला हवा. टोपीच्या दोन्ही बाजू मात्र जाळीच्या, इतक्या मोकळ्या की आरपार दिसते. जाळी हवेसाठी गरजेची आहे, तिला आमचा विरोध नाही. पण 50+ हा आकडा फक्त वरच्या कापडाचा आहे असे लिहा. विरळ केसांच्या माणसाला तो फरक संध्याकाळी कळतो.

मागच्या बाजूला वेणी बाहेर काढायला जागा नाही. 24 पैकी 9 संच महिलांसाठी होते.

आमच्या मागण्या :

24 पैकी 20 संच परत घेऊन त्यांचे 69,000 रुपये द्यावेत. परतीचा वाहतूक खर्च आपला. उरलेले चार संच, तडकलेल्या तीन चौकटींसह, आम्ही पुरावा म्हणून ठेवू, आणि त्यांचे 13,800 रुपये तक्रार मिटल्यावर द्यावेत. पुढील मालावर काचेचा प्रकार छापावा. ‘एकमेकांसाठी बनवले’ हा मजकूर आणि मोटारसायकलचे चित्र जाहिरातीतून काढावे. संच बदलून देण्याचा प्रस्ताव असेल तर नवीन नमुन्याचा एक संच आधी पाठवावा. तो घाटात पावसात तपासूनच होकार कळवू.

ई-वाणिज्य नियम, 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एक महिन्यात व्हावे लागते. 20 ऑगस्टपर्यंत निवारण न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवू. शर्यत सप्टेंबरमध्ये आहे आणि नव्या टोप्या त्याआधी किमान दोन लांब सरावांत डोक्यावर असायला हव्यात, म्हणून ‘आपली तक्रार पुढे पाठवली आहे’ या उत्तरात आठवडा घालवू नये.

आपले,
सातारा येथील लांब पल्ल्याच्या धावपटूंचा गट

सोबत : बीजकाची प्रत, 14 छायाचित्रे, मीटरवरील नोंदी, आपल्या ईमेलची प्रत