चीर देण्याआधीचा एक तास

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,

सादर नमस्कार.

मी ऐरोलीत राहतो. गेल्या पावसाळ्यात आईची गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन झालं. तिला आत नेलं आणि सिस्टरनी माझ्या हातात चिठ्ठी ठेवली, "हे इंजेक्शन बाहेरच्या मेडिकलमधून आणा." पहिल्या दुकानात नव्हतं. दुसऱ्या दुकानातून घेऊन धावत परत आलो, तर थिएटरवरचा लाल दिवा लागलेला. औषधाची पिशवी दारातच वॉर्डबॉयकडे दिली. ते इंजेक्शन आईला किती वाजता मिळालं, मला आजही माहीत नाही. केसपेपरवर औषधाचं नाव आहे, डोस आहे. वेळेची जागा कोरी आहे.

आठव्या दिवशी परकराच्या नाडीखाली पिवळट डाग दिसला. टाके उघडावे लागले. मग महिनाभर रोज रिक्षा, रोज ड्रेसिंग, आणि गॉज ओढताना माझं मनगट घट्ट धरून ठेवणारी आई.

जखम उशिराच्या इंजेक्शनमुळेच पिकली, असं मी म्हणणार नाही. आईला शुगर आहे, तेही कारण असेल. पण सेफॅझोलिनसारखं अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारणारं औषध, चीर देण्याआधी तासाभरात शिरेतून जायला हवं. कातडीवरचे जंतू चिरेतून आत शिरतात, त्या क्षणी ते तिथल्या मांसापर्यंत पोहोचलेलं हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या तपासणी यादीत चीर देण्यापूर्वी विचारायचा प्रश्नच आहे : गेल्या ६० मिनिटांत अँटिबायोटिक दिलं का? ऑपरेशन लांबलं, तर सेफॅझोलिनचा डोस साधारण चार तासांनी पुन्हा द्यावा लागतो.

आणि ऑपरेशन संपल्यावर केवळ खबरदारी म्हणून ते चालू ठेवू नये, असं याच संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं. आईला जखम कोरडी असतानाही पाच दिवस इंजेक्शनं चालू होती. त्याने जुलाब होतात आणि औषधांना दाद न देणारे जंतू पोसले जातात. वेळेवरच्या एका डोसाची भरपाई त्याने होत नाही.

महोदय, हे औषध थिएटरच्या ट्रॉलीत असलं पाहिजे, नातेवाइकाच्या हातातल्या चिठ्ठीवर नको. भूलतज्ज्ञांनी दिल्याची वेळ घड्याळ बघून लिहावी. आणि तीस दिवसांनी रुग्णाला एक फोन जावा. ऑपरेशनच्या जखमेचा संसर्ग तीस दिवसांपर्यंत मोजतात, रुग्ण मात्र चौथ्या-पाचव्या दिवशी घरी जातो. माझ्या आईच्या डिस्चार्ज कार्डावर "प्रकृती सुधारली" एवढंच आहे. पुढचा महिना कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. असं असेल, तर आपल्यापर्यंत येणारे आकडे खरे कसे असतील?

सुरुवात आमच्या ठाणे जिल्ह्यातून करा. पुढच्या महिन्यात माझ्या बहिणीचं सिझेरियन आहे. त्यातही हा डोस चीर देण्याआधीच द्यायचा असतो. तिच्या केसपेपरवर ती वेळ लिहिलेली असावी, एवढी व्यवस्था आपण तोवर करावी.

आपला,
ऐरोलीतील एक नागरिक