रविवारच्या स्पॉटिंगची (विमानांचे फोटो टिपण्याची) आठवण, शटर स्पीड आधीच सेट करून या

मंडळी, रविवारी सकाळी नेहमीच्या जागी, कुंपणाबाहेर. छोट्या विमानतळावर सकाळभरात दोन-तीनच विमानं येतात, एक हुकलं की तासन्‌तास वाट बघत बसावं लागतं म्हणून प्लीज वेळेआधी या. आल्या आल्या विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) बघा, विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं, म्हणजे वारा पश्चिमेचा असेल तर रनवे २७ (म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उतरायची दिशा) आणि विमान पूर्वेकडून येणार, त्याप्रमाणे जागा धरा आणि ऊन पाठीशी ठेवा.

आता महत्त्वाचं. गेल्या वेळी बऱ्याच जणांचे एटीआर ७२ या प्रोपेलरवाल्या विमानाचे फोटो १/१००० सेकंदाच्या शटरला काढलेले होते, प्रोपेलरची पाती अगदी गोठलेली, हवेत इंजिन बंद पडल्यासारखं दिसतं हो ते! टेकऑफला प्रोपेलर मिनिटाला साधारण १२०० फेरे घेतो, म्हणजे १/१२५ ला प्रत्येक पातं जवळपास ६० अंश फिरतं आणि पाती सहा, त्यामुळे जवळजवळ पूर्ण चकती मिळते. हात स्थिर नसेल तर १/२५० चालेल, पण विमानासोबत कॅमेरा सरकवत राहा. जेटला मात्र १/१००० बिनधास्त.

ऊन चढलं की डांबरावरची हवा थरथरते, मग रनवेवरचं विमान कितीही भारी लेन्स लावा धूसरच येणार, तेव्हा हवेत असतानाच टिपा.

कुंपणाला शिडी टेकवू नका, ड्रोन अजिबात आणू नका, गेटसमोर गाड्या नकोत. सिक्युरिटीवाल्यांनी विचारलं तर शांतपणे फोटो दाखवा, हटा म्हणाले तर लगेच हटा. येणाऱ्यांनी शनिवार रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव टाका.